खांदा केव्हां द्यावा?

आमच्या देवळांत डाव्या बाजूच्या चौथ्या बाकाच्या कडेला एक वृद्ध गृहस्थ बसत असत. पांढरा सदरा, हातांत जुनी छत्री, आणि एका बाजूस दोऱ्यानें बांधलेला चष्मा, एवढें त्यांचें वर्णन आम्हांस आजही करतां येईल. कित्येक वर्षें आम्ही त्यांच्या मागच्या बाकावर बसलों. उपासनेंत एकमेकांस शांति चिंतितांना त्यांचा हात हातीं घेतला, नाताळांत शुभेच्छा दिल्या, आणि एकदां भर पावसांत त्यांच्या छत्रीखालून रिक्षाच्या थांब्यापर्यंत गेलोंही. गेल्या पावसाळ्यांत ती कडेची जागा रिकामी दिसूं लागली. एक रविवार गेला, दोन गेले, पांच गेले. रिकाम्या जागेवर आम्ही आमच्या ओल्या छत्र्या ठेवूं लागलों. सहाव्या रविवारीं धर्मगुरूंनीं मृतांसाठीं प्रार्थना करतांना एक नांव वाचलें आणि अंत्यविधि सायंकाळीं होणार असल्याचें सांगितलें. तें नांव कोणाचें, हें आम्हांस शेजाऱ्यास विचारावें लागलें. ज्यांच्या पाठीमागें बसून आम्हीं वर्षानुवर्षें प्रार्थना केली, त्यांचें नांव आम्हांस प्रथम कळलें तें त्यांच्या मृत्यूच्या सूचनेंत.

सायंकाळीं लोक चांगले जमले होते. शवपेटीस खांदा द्यावयास चार जण पाहिजे होते. चौदा पुढें आले. आम्हीही त्यांत होतों. दफनभूमींतून परततांना त्यांच्याच इमारतींत राहणारी एक शेजारीण, जी आमच्या धर्माची नव्हती, शांतपणें म्हणाली, "एवढी माणसं होती होय त्यांची! दीड महिना दवाखान्यात न्यायला, जिना उतरवायला, मी रोज कुणाला तरी शोधत होते." तिच्या बोलण्यांत टोमणा नव्हता, केवळ आश्चर्य होतें. टोमणा असता तर तो आम्हीं सहन केला असता. तें आश्चर्य मात्र अद्याप सहन होत नाहीं.

हा लेख त्या आश्चर्यांतून निघाला आहे. शाळेच्या वार्षिकांत मैत्रीवर निबंध येणें नवीन नाहीं. दरवर्षीं एखादा तरी विद्यार्थी खऱ्या मित्राचीं लक्षणें मोजून दाखवितो, आणि त्यांत चूक अशी कांहीं नसते. आम्हांस येथें लिहावयाचें आहे तें थोडें निराळें. ज्या समाजानें प्रेमाची आज्ञा ही आपली मुख्य आज्ञा मानिली, त्याच्या उपासनामंदिरांत मनुष्य वर्षानुवर्षें येतो, गातो, गुडघे टेकतो, आणि तरीही मित्रावांचून मरूं शकतो, हें कसें घडतें? आणि तें घडूं नये म्हणून काय करावें? आमचें उत्तर थोडक्यांत असें, कीं समाजाचें प्रेम माणसापर्यंत पोंचतें तें दोघांचौघांच्या घनिष्ठ मैत्रीच्या द्वारें. आम्ही सर्वांवर सारखें प्रेम करितों असें म्हणणाऱ्या समाजांत जर एकाचा भार दुसऱ्यानें प्रत्यक्ष उचलला नाहीं, तर त्या प्रेमाचा पत्ता कोणासच लागत नाहीं.

आमच्या मराठी भाषेनें या बाबतींत आम्हांस पूर्वींच शहाणें करून ठेविलें आहे. प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोक आपल्या समाजास 'मंडळी' म्हणतात. हाच शब्द घरांतल्या माणसांसही लागतो. घरची मंडळी कशी आहे, असें आपण विचारतों, आणि जुन्या पिढींतील गृहस्थ तर पत्नीचा उल्लेखही 'आमची मंडळी' असाच करीत. कॅथोलिक ख्रिस्ती लोक एका धर्मगुरूच्या देखरेखीखालील क्षेत्रास 'धर्मग्राम' म्हणतात. म्हणजे तें एक गांव झालें. घर आणि गांव या दोहोंत एक गोष्ट समान असते. तेथें मनुष्य दिसला नाहीं तर त्याची विचारपूस होते. घरीं पंक्तींत एक पान रिकामें राहिलें तर वाढणारीचा हात थबकतो. गांवांत एखाद्याचें दार सकाळीं उघडलें नाहीं तर शेजारी कडी वाजवितो. नाटकगृहांत असें होत नाहीं; तेथें रिकामी खुर्ची म्हणजे न विकलेलें तिकीट. आपलें देऊळ घर आहे, गांव आहे, कीं नाटकगृह आहे, हें ठरविण्यास दुसरी कसोटी नको. रिकाम्या जागेकडे आपण कोणत्या दृष्टीनें पाहतों, तेवढें तपासलें म्हणजे पुरे.

शुभवर्तमानांतील कफर्णहूमची गोष्ट आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनीं ऐकिली असेल. एका पक्षाघाती मनुष्यास चौघांनीं बाजेवर घालून येशूकडे आणिलें. दारांत गर्दी इतकी, कीं आंत शिरण्यास वाट नव्हती. तेव्हां ते छपरावर चढले, छप्पर उस्तरलें, आणि ती बाज त्यांनीं वरून खालीं सोडली. या कथेंतील दोन गोष्टी आमच्या मनांत विशेष भरल्या आहेत. पहिली ही, कीं मार्क त्या चौघांचीं नांवें सांगत नाहीं, पण ते चार होते हें आवर्जून सांगतो. बाजेचीं चार टोकें उचलावयास चारच माणसें लागतात, चारशें लागत नाहींत. दुसरी ही, कीं येशूनें पाहिला तो बाज उचलून आणणारांचा विश्वास, असें ती कथा सांगते. दारांतली गर्दी वाईट होती असें नव्हे. तीही भाविकच होती, तीही येशूचेंच भाषण ऐकत होती. परंतु बाहेरच्याकडे पाठ करून उभी असल्यामुळें तिला ती बाज दिसली नाहीं. भाविकांची गर्दी आणि चौघे मित्र यांतील अंतर तें हेंच. आम्हीं चौदा जणांनीं शवपेटीस खांदा दिला. त्या गृहस्थांच्या बाजेस मात्र आमच्यांतले चौघे मिळाले नाहींत. आमचा खांदा दीड महिना उशिरा पोंचला.

कोणी म्हणेल, ही दूरदेशची गोष्ट झाली. तर मग आपल्या ठाण्याचीच घ्या. सातशेंहून अधिक वर्षें झालीं. थॉमस, जेम्स आणि पीटर हे तीन फ्रान्सिस्कन साधु, देमेत्रियस नांवाचा त्यांचा दुभाषी सोबती, आणि जॉर्डेनस नांवाचा एक डोमिनिकन साधु, असे पांच जण हॉर्मुझहून गलबतानें निघाले. जावयाचें होतें दक्षिणेंतील कोल्लम बंदरास. वाऱ्यानें आणून सोडलें ठाण्यास. हें १३२१ साल. येथें त्यांच्या ओळखीचें कोणी नव्हतें. ठाण्यांत नेस्टोरियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांचीं अवघीं पंधरा घरें होतीं, असें यानंतर थोड्याच वर्षांनीं येथें आलेला ओडोरिक नांवाचा साधु आपल्या प्रवासवर्णनांत लिहितो. रोमन पंथाच्या आणि नेस्टोरियन पंथाच्या लोकांत त्या काळीं सख्य नव्हतें; ओडोरिक स्वतःच या पंधरा घरांस पाखंडी म्हणून नांवें ठेवितो. तरीही परक्या पंथाच्या, परक्या भाषेच्या या पाहुण्यांस त्यांपैकीं एका घरानें आसरा दिला. ठाण्याच्या ख्रिस्ती इतिहासाच्या आरंभींच्या पानांवर हा उघडा दरवाजा आहे, हें आम्हांस विसरतां कामा नये.

पुढें जॉर्डेनस ठाण्याबाहेर गेला असतां येथें वाद उपस्थित झाला आणि नगराधिकाऱ्याच्या हुकुमानें ते चौघेही मारले गेले. ही वार्ता समजतांच जॉर्डेनस परत फिरला. त्यानें आपल्या सोबत्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. त्यानंतरही तो या किनाऱ्यावर राहिला, आणि येथून त्यानें आपल्या धर्मबंधूंस धाडलेलीं पत्रें आजही वाचावयास मिळतात. त्यांतील एक तर ठाण्याहूनच लिहिलेलें आहे. त्या पत्रांत आजाराचें दुःख आहे, विरोधाचें आहे, दारिद्र्याचेंही आहे. परंतु त्या सर्वांवर पसरलेलें आहे तें एकटेपणाचें दुःख. सोबती गेले आणि आपण मागें राहिलों, हा त्याचा शोक; नवे सोबती यावेत, ही त्याची विनवणी. ज्यास समुद्राचें भय वाटलें नाहीं आणि मरणाचेंही वाटलें नाहीं, त्या मनुष्यानें मित्रांची उणीव लपवून ठेविली नाहीं. ईश्वर सोबत असतां माणसांची सोबत कशास हवी, असें म्हणणारांनीं या साधूचीं पत्रें अवश्य मनांत आणावीं. त्याची ईश्वरनिष्ठा आमच्याहून कमी नव्हती.

आतां वर्तकनगराकडे येऊं. आमच्या पालकांपैकीं पुष्कळांस जुनें वर्तकनगर आठवत असेल. गृहनिर्माण मंडळाच्या त्या बुटक्या इमारती, एका जिन्यावर समोरासमोर उघडीं दारें, आणि पाळी सुटली म्हणजे पोखरण रस्त्यावर लागलेली कामगारांची रीघ. १९२५ सालीं सुरू झालेली रेमंडची लोकरी कापडाची गिरणी आणि आसपासचे कारखाने यांच्या आश्रयानें येथें चोहोंकडून माणसें आलीं. ठाण्याचे मूळचे ईस्ट इंडियन, वसईकर, नगर-जालन्याकडील मराठी ख्रिस्ती, गोव्या-मंगळुराकडील कोंकणी, केरळीय आणि तामिळ, असे नाना बोलींचे लोक शेजारीं राहूं लागले आणि रविवारीं देवळाच्या आवारांत भेटूं लागले. त्यांच्या मैत्रीस कोणाची योजना लागली नाहीं. एकाच भोंग्यावर उठणें, एकाच रांगेंत पाण्यासाठीं उभें राहणें, एकाच्या घरीं पाहुणा आला तर दुसऱ्याच्या घरून खुर्ची जाणें, या रोजच्या व्यवहारानेंच ती घडविली.

आज तो भोंगा नाहीं. गिरणीच्या भूमीवर उंच मनोरे उभे राहिले आहेत. जुन्या इमारतीही एकामागून एक पाडल्या जात आहेत. बांधकाम पुरें होईपर्यंत कुटुंबें भाड्याच्या घरांत दूरदूर पांगतात, आणि परत येतात तेव्हां तोच शेजार त्याच मजल्यावर मिळेल असा भरंवसा नसतो. नवें घर प्रशस्त असतें, हवेशीर असतें. त्याबद्दल तक्रार करणें हा कृतघ्नपणा होईल. परंतु जिन्यांत माणसें एकमेकांस भेटत असत. लिफ्टमध्यें तीं दारावरील आंकड्यांकडे पाहत उभीं राहतात. परिस्थितीनें घडविलेली मैत्री परिस्थितीबरोबर निघून गेली. यापुढें ती जाणूनबुजून करावी लागेल, ही गोष्ट आम्हांस अजून उमगलेली नाहीं. म्हणूनच आम्ही देवळांत जुन्या दिवसांची आठवण काढितों आणि समोरच्या बाकावरील मनुष्याचें नांव विचारीत नाहीं.

मैत्री जाणूनबुजून करणें म्हणजे काय, हें पाहावयाचें असेल तर टिळकांच्या घरीं जावें. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां त्यांचें घर दुभंगलें आणि गणगोत तुटलें. पुढें लक्ष्मीबाई पतीकडे नगरास आल्या, तेव्हां प्रथम त्यांनीं आपलें सोवळें आणि आपला स्वयंपाक वेगळाच राखिला. १९०० सालीं त्या ख्रिस्ती झाल्या. १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलेलीं त्यांचीं 'स्मृतिचित्रें' ज्यांनीं वाचिलीं आहेत, त्यांस ठाऊक आहे, कीं जातिभेद ईश्वरानें निर्माण केलेला नसून माणसानें केलेला आहे, हा विचार मनांत उजाडल्यावर त्यांनीं कोणाच्याही हातचें खाण्यापिण्याचा निश्चय केला. निश्चय एका क्षणाचा असतो. परंतु तो पाळावयाचा म्हणजे रोज नव्या माणसाच्या उंबऱ्याआंत जावें लागतें. हें दुसरें काम त्या बाईंनीं आयुष्यभर केलें. त्या काळच्या ख्रिस्ती समाजांतूनही जातीच्या आठवणी पुसल्या गेल्या नव्हत्या. प्रभुभोजनास एकत्र येणारे लोक घरच्या भोजनास एकत्र बसतीलच असें नव्हतें. आज त्या पूर्णपणें पुसल्या गेल्या आहेत, असें म्हणावयास आमची जीभ धजत नाहीं. लग्नाची गोष्ट निघाली म्हणजे आमच्यापैकीं कित्येकांस एकाएकीं आपलें मूळ गांव आणि आपले पूर्वज आठवूं लागतात.

त्याच टिळकांच्या घरांत त्र्यंबक बापूजी ठोमरे नांवाचा एक तरुण कांहीं काळ मुलासारखा राहिला. त्यासच सारा महाराष्ट्र बालकवि म्हणून ओळखतो. तो ख्रिस्ती नव्हता आणि पुढेंही झाला नाहीं. १९१८ सालीं रेल्वेच्या अपघातांत त्याचा अकालीं अंत झाला. त्यास मिळालेली माया धर्मांतराच्या बोलीवर मिळालेली नव्हती. १९१७ सालीं टिळकांनीं साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला. त्यांतही बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस स्थान होतें. आमच्या शाळेंतील बहुसंख्य विद्यार्थी ख्रिस्ती नाहींत. त्यांनीं हा लेख परक्यांचा म्हणून बाजूस सारूं नये, यासाठीं हें मुद्दाम सांगत आहों. ख्रिस्ती समाजांतील मैत्री खरी असेल तर तिची ऊब कुंपणाबाहेरही लागली पाहिजे. आणि कुंपणाबाहेरच्या शेजारणीनें जें केलें, तें पाहून आंतल्यांनीं शिकलेंही पाहिजे.

आतां या मतावर जे आक्षेप घेतले जातील, त्यांचा विचार करणें प्राप्त आहे. पहिला आक्षेप असा, कीं घनिष्ठ मैत्रीनें समाजांत कंपू तयार होतात. चार जण नेहमीं एकत्र बसतात, एकत्र हसतात, आणि पांचवा जवळ आला कीं गप्प होतात. हा आक्षेप खोटा नाहीं. उपासना संपल्यावर आवारांत दृष्टि टाकली तर भाषेभाषेचे, गांवागांवाचे घोळके वेगवेगळे उभे असलेले दिसतात, आणि नवीन आलेलें कुटुंब मध्यें उभें राहून क्षणभर वाट पाहतें आणि घरीं जातें. परंतु यावर उपाय मैत्री कमी करणें हा नव्हे. 'प्रेषितांचीं कृत्यें' या ग्रंथांत शौलाची कथा आहे. कालपर्यंत छळ करणारा हा मनुष्य यरुशलेमेस शिष्यांत मिळावयास आला, तेव्हां सर्व जण त्याला भ्याले. बर्णबानें मात्र त्यास हातीं धरून आंत नेलें आणि त्याच्याविषयीं ग्वाही दिली. बर्णबा त्या मंडळींत सर्वांच्या विश्वासाचा नसता, तर त्याची ग्वाही कोण ऐकतें? जुनी मैत्री नव्या माणसास आंत आणण्याच्या कामीं आली. मैत्री आणि कंपू यांतील भेद हाच, कीं मैत्रीच्या बाकावर आणखी एकास सरकून जागा देतां येते.

दुसरा आक्षेप असा, कीं मैत्री हुकुमानें होत नाहीं. हेंही आम्हांस मान्य आहे. अमक्याशीं स्नेह करा, असें व्यासपीठावरून सांगून स्नेह उत्पन्न होत नाहीं. परंतु रोप हुकुमानें उगवत नसलें तरी वाफा हातानें करावा लागतो. मुंबईच्या महाधर्मप्रांतांत, ज्यांत आपलें ठाणें येतें, शेजारच्या कांहीं कुटुंबांनीं एका घरीं जमून शास्त्र वाचावें, प्रार्थना करावी आणि एकमेकांची खबर घ्यावी, अशी लहान समूहांची पद्धति आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत घरोघर प्रार्थनासभा भरतात. हे वाफेच होत. दुर्दैव इतकेंच, कीं पुष्कळ ठिकाणीं प्रार्थना वेळेवर सुरू होते, वेळेवर संपते, चहा होतो, आणि मंडळी उठते. जो घरांतून उठूं शकत नाहीं त्याच्या घरीं ती सभा भरत नाहीं. वाफा तयार आहे. पाणी घालणें तेवढें राहून गेलें आहे.

तिसरें म्हणणें प्रत्यक्ष कोणी बोलून दाखवीत नाहीं, पण वागण्यांत दिसतें. तें असें, कीं ही कामें धर्मगुरूंचीं आहेत. शेंकडों कुटुंबांचा भार ज्या एका माणसावर आहे, त्यास प्रत्येक रिकामी जागा कशी दिसावी? बाजेचीं चारही टोकें एकट्यानें उचलतां येत नाहींत. तसेंच हल्लीं आम्ही सर्व जण भ्रमणध्वनीवरील गटांत असतों, आणि रोज सकाळीं फुलांचीं चित्रें एकमेकांस पाठवितों, तेव्हां संबंध राखल्याचें समाधान आम्हांस फार स्वस्तांत मिळतें. साधनाचा दोष नाहीं. त्याच साधनावरून रक्तदात्याची हांक गेल्याचें आणि तासाभरांत माणूस धांवून आल्याचें आम्हीं पाहिलें आहे. परंतु तें वृद्ध गृहस्थ गटांत नव्हते. त्यांच्याजवळ तसला भ्रमणध्वनि नव्हता. त्यामुळें आमच्या दृष्टीनें ते आजारीही पडले नाहींत.

आपल्या महाराष्ट्रांत एक सुंदर चाल आहे. ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी मुक्कामीं पोंचली म्हणजे समाजआरतीच्या वेळीं सर्व दिंड्या एकत्र उभ्या राहतात. चोपदारानें चोप उंच केला, कीं टाळमृदंगाचा कल्लोळ थांबतो. मग दिंड्यांच्या तक्रारी ऐकिल्या जातात आणि वाटेंत हरवलेल्या व सांपडलेल्या वस्तूंची पुकार होते. एवढ्या अफाट समुदायांत कोणाचा हरवलेला तांब्याही मोजला जावा, यांत आम्हांस मोठें शहाणपण दिसतें. आमच्या देवळांतही उपासनेच्या शेवटीं सूचना होतात; सहलीच्या, वर्गणीच्या, यात्रेच्या. त्यांत हरवलेल्या माणसांची पुकार असावी, असें आम्हांस फार वाटतें. नांव घेऊन कोणास लाजवावें असा आमचा अर्थ नाहीं. एवढेंच विचारावें, कीं आपल्या पुढें, मागें, उजवीकडे आणि डावीकडे बसणारांपैकीं आज कोण दिसत नाहीं? आणि त्याच्याकडे आज कोण जाणार?

यावरूनच आमची एक साधी सूचना आहे. प्रत्येकानें चार नांवें माहीत करून घ्यावीं: पुढच्याचें, मागच्याचें आणि दोन्ही बाजूंच्यांचें. नांवाबरोबर घर माहीत करून घ्यावें. दोन रविवार जागा रिकामी दिसली तर तिसऱ्याची वाट न पाहतां दार ठोठवावें. जातांना उपदेश नेऊं नये. केळीं न्यावीं, पेज न्यावी, नाहीं तर मोकळे हात आणि एक तासाचा वेळ न्यावा. आजाऱ्याजवळ बसावें, औषधाची चिठ्ठी वाचून दाखवावी, रात्रीं कोण थांबणार तें विचारावें. आणि मित्र चुकत असेल, तर तेंही त्यास एकांतांत सांगावें. जो मित्राच्या तोंडावर गोड बोलून पाठीमागें देवळाच्या पायरीवर त्याची चर्चा करितो, त्यानें चारही नांवें पाठ केलीं तरी व्यर्थ आहेत.

विद्यार्थिमित्रहो, हें सर्व वडील माणसांचें काम आहे असें समजूं नका. तुमच्याही वर्गांत बाकें आहेत, आणि त्यांच्याही कडेला कोणी तरी बसतें. मधल्या सुट्टींत डबा घेऊन एकटाच कठड्याशीं उभा राहणारा मुलगा, नव्यानें आलेली आणि मराठी बोलतांना अडखळणारी मुलगी, वडिलांची नोकरी सुटल्यापासून सहलीस येणें टाळणारा सोबती, यांचीं नांवें तुम्हांस ठाऊक आहेत. आम्हां मोठ्यांपेक्षां या बाबतींत तुम्ही भाग्यवान आहां. कारण तुमच्या शाळेंत रोज हजेरी होते, आणि गैरहजर कोण तें मोठ्यानें वाचलें जातें. ती हजेरी गुरुजी पटांत लिहितात. तुम्हीं ती मनांत लिहावी. आजारी सोबत्यास त्या दिवसाचा धडा घरीं नेऊन देणारा विद्यार्थी पुढें कोणत्याही समाजांत राहिला, तरी तेथें बाजेस खांदा देईल, याविषयीं आम्हांस शंका नाहीं.

आणि पालकांस एवढीच विनंति, कीं मुलें मैत्रीवरचा निबंध पुस्तकांतून लिहितात, पण मैत्री घरच्या उंबऱ्यावर शिकतात. आपल्या घरीं जेवावयास कोण येतें आणि कोण कधींच येत नाहीं, हें त्यांस बरोबर ठाऊक असतें. आपण कोणाच्या दुखण्यास धांवून गेलों आणि कोणाच्या केवळ अंत्ययात्रेस गेलों, हेंही तीं पाहत असतात.

चौथ्या बाकाच्या त्या जागेवर आम्ही आतां छत्री ठेवीत नाहीं. त्या इमारतींतील शेजारणीकडे आम्ही नंतर एकदां गेलों; उशिरा कां होईना, तिचे आभार मानावेत म्हणून. तिनें पाट दिला, चहा दिला, आणि ते गृहस्थ कसे होते तें सांगितलें. ते पेटी चांगली वाजवीत. गिरणींत असतांना मुलांस फुकट शिकवीत. त्यांस एकटें जेवावयाचा कंटाळा येई, म्हणून संध्याकाळीं ते तिच्या घरीं ताट घेऊन येत आणि दारांत बसून जेवीत. हें सारें आम्हांस त्यांच्याच तोंडून ऐकतां आलें असतें. मध्यें एका बाकाचें अंतर होतें.

वाचकहो, येत्या रविवारीं देवळांत, अगर आपापल्या मंदिरांत, मशिदींत, नाहीं तर इमारतीच्या जिन्यांत, आपल्या पुढें उभ्या असलेल्या माणसास त्याचें नांव विचारा. आम्हींही विचारावयास आरंभ केला आहे. आजपर्यंत तीन नांवें झालीं. चौथें विचारावयाचें आहे.